चिप, भोवरा आणि वाऱ्याचा बोगदा

१९८९ च्या फेब्रुवारीत, सात तारखेला, चंडीगडला लागून असलेल्या मोहालीत एक कारखाना जळाला. कारखाना म्हटलं की धुराडं, भोंगा, पाळ्यांना येणारेजाणारे कामगार असं चित्र उभं राहतं. इथं तसलं काही नव्हतं. गाळून आत सोडलेली हवा, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या डगल्यात झाकलेली माणसं, आणि सिलिकॉनच्या चकचकीत चकत्यांवर थरावर थर चढवत छापली जाणारी सूक्ष्म नक्षी. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड, एससीएल. चिप बनवण्यासाठी भारत सरकारने मुद्दाम उभारलेली ही कंपनी आगीत होत्याची नव्हती झाली.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २२ मेच्या सकाळी, ओडिशाच्या चांदीपूरहून ‘अग्नी’ क्षेपणास्त्र उडालं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याशिवाय दुसरं काही नव्हतं म्हटलं तरी चालेल. आज अग्नीची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. मोहालीची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, ते बहुतेक इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातले तरी असतात, नाहीतर हळहळणारे निवृत्त अभियंते तरी. क्षेपणास्त्र, त्याच्या पोटातली संवेदकं आणि त्या संवेदकांच्या मागची चिप या तिन्ही गोष्टी मुळात एकाच प्रयत्नाचे भाग होते. त्यातला एक भाग वाजतगाजत पुढे गेला, आणि दुसऱ्याची राख झाली तेव्हा देशाने त्याकडे जवळपास पाहिलंच नाही.

सुरुवात मात्र याच्या बरीच आधी, आणि बरीच लहान होती. १९५१ साली अमेरिकेतल्या कॅलटेकमधून शिकून आलेले सतीश धवन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. ध्वनीपेक्षा वेगवान हवेचा अभ्यास करायचा, तर तशी हवा आधी निर्माण करावी लागते. तिच्यासाठी विंड टनेल लागतं, वाऱ्याचा बोगदा. धवनांनी उभारलेल्या पहिल्या सुपरसॉनिक बोगद्याचं तोंड जेमतेम काही इंचांचं होतं. त्यात आगपेटीएवढं मॉडेल बसवणंसुद्धा अवघड. पण त्या इवल्याशा तोंडातून पोरं शिकली. झडप कधी उघडायची, दाब कसा धरून ठेवायचा, काचेतून दिसणाऱ्या आघात-लहरीचा फोटो कसा काढायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. १९६७ मध्ये बंगळूरच्याच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत चार फुटी ट्रायसॉनिक बोगदा सुरू झाला आणि पुढे देशाची रॉकेटं, क्षेपणास्त्रं, लढाऊ विमानं यांची मॉडेलं एकामागोमाग एक त्याच्यातून गेली. आपल्या अवकाश आणि क्षेपणास्त्र कार्यक्रमाचा इतिहास सांगताना हा बोगदा बहुधा तळटिपेत असतो. मला तो पहिल्या पानावर हवा असं वाटतं.

१९८३ मध्ये एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू झाला. अब्दुल कलाम हैदराबादच्या संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळेत, डीआरडीएलमध्ये, आले आणि थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आलं, की इंजिन आणि सांगाडा जमेल, अडेल ते ‘डोळे’ आणि ‘कान’ यांच्यापाशी. हैदराबादच्या सीमेवर इमारत कांचा नावाचा खडकाळ माळ होता. तिथं रिसर्च सेंटर इमारत, आरसीआय, उभं राहिलं. काम मुख्यतः दिशादर्शन, नियंत्रण, संवेदकं यांचं. १९८८ मध्ये ते रीतसर सुरू झालं. अग्नीच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांनी कलामांना विचारलं, उद्या यश आलं तर ते कसं साजरं करायचं? कलामांनी मागितली एक लाख रोपं, आरसीआयच्या माळावर लावायला. हा किस्सा कलामांच्या साधेपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला त्यात दिसतो तो जागा निवडून तिथं मुक्काम ठोकायचं ठरवलेला माणूस.

दिशादर्शनाचं गणित काय असतं, ते थोडं खोलात जाऊन पाहू. हवेत सुटलेल्या क्षेपणास्त्राला आपण कुठे आहोत हे बाहेरचं कुणी सांगत नाही. त्याच्या पोटात प्रवेग मोजणारं यंत्र असतं आणि जायरोस्कोप असतो. जायरो म्हणजे मुळात भोवराच. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही, म्हणून त्याच्या आधाराने वाहन किती वळलं ते कळतं. प्रवेगाची बेरीज करत गेलं की वेग मिळतो, वेगाची बेरीज करत गेलं की अंतर. पण बेरीज करताना चुकीचीही बेरीज होत जाते. तासाला अवघा एक अंश ढळणारा जायरो असेल, तर तासाभराने जागेतली चूक साधारण १११ किलोमीटर होते, म्हणजे मुंबई ते लोणावळा या अंतरापेक्षाही जास्त. घड्याळाचा तासकाटा तासाला ३० अंश सरकतो. इथं एका अंशालाही जागा नाही. चांगल्या जायरोत हा ढळ एका अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत, त्याहूनही खाली आणावा लागतो. धातू किती शुद्ध, बेअरिंग किती गोल, चिकटवायचा गोंद उष्णतेने किती फुगतो, असल्या बारीकसारीक गोष्टींवर सगळं अवलंबून. हे काम हैदराबादेत झालं, आणि तिरुअनंतपुरमला इस्रोच्या जडत्व प्रणाली केंद्रात, आयआयएसयूमध्येही झालं. पुढे फिरत्या भोवऱ्याची जागा प्रकाशाने घेतली. एका बंद वाटेवरून लेसरचे दोन किरण उलटसुलट दिशेने पाठवायचे. वाहन वळलं की दोघांत फरक पडतो, तो मोजायचा. या रिंग लेसर जायरोवर चालणारी यंत्रणा २०११ च्या नोव्हेंबरात अग्नी-४ सोबत उडाली.

१९८७ मध्ये सात बड्या देशांनी मिळून क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था, एमटीसीआर, लागू केली आणि बाहेरून मिळणाऱ्या सुट्या भागांचा झरा आटला. अग्नीचा पहिला टप्पा म्हणजे एसएलव्ही-३ रॉकेटची घन इंधनाची मोटर होती, दुसरा ‘पृथ्वी’ क्षेपणास्त्राच्या धर्तीवरचा द्रव इंधनाचा. या दोन ओळखीच्या गोष्टी होत्या. अनोळखी होतं ते टोक: वातावरणात परत शिरताना बाहेर अडीच हजार अंशांच्या घरात तापमान आणि आत इलेक्ट्रॉनिक्स शाबूत. त्यासाठी कार्बन-कार्बनचं कवच इथंच बनवावं लागलं. ते शिरण्याचं गणित आयआयटी मद्रासच्या तरुणांनी डीआरडीओच्या शास्त्रज्ञांसोबत मांडलं. ‘आकाश’ क्षेपणास्त्राच्या रडारसाठी फेज शिफ्टर नावाचे बारके घटक हजारोंनी लागत होते. दिल्ली आयआयटीत प्रा. भारती भट यांच्या चमूने ते साधून दाखवले. कलामांनी आपल्या आत्मचरित्रात या सगळ्यांचा आवर्जून उल्लेख केला आहे.

२० एप्रिल १९८९ ला अग्नीची उलटी मोजणी चौदा सेकंदांवर आली आणि संगणकाने ‘होल्ड’ दिला. १ मेला पुन्हा तेच झालं. व्यंगचित्रकारांना आयतं खाद्य मिळालं. संगणकाने थांबवलं याचा अर्थ कुठल्या तरी संवेदकाने चुकीचं काहीतरी पाहिलं आणि खरं सांगितलं. पण हे तेव्हा कुणी म्हटलं नाही. २२ मेला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ते उडालं.

आता मोहालीकडे परत जाऊ. एससीएलला केंद्र सरकारची मंजुरी १९७६ ची. उत्पादन सुरू झालं १९८४ मध्ये, अमेरिकन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीकडून घेतलेल्या पाच मायक्रॉनच्या तंत्रावर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; चिपवरची रेघ जितकी बारीक, तितके जास्त ट्रान्झिस्टर. या लोकांनी पाच मायक्रॉनवर समाधान मानलं नाही. काही वर्षांतच ते एका मायक्रॉनच्या आसपास येऊन पोचले. तेव्हाच्या जगाच्या मानाने आपण मागे होतो, पण पुढच्यांची पाठ दिसत होती. तैवानमधली ती आता सर्वश्रुत कंपनी, टीएसएमसी, तेव्हा जन्मून दोनच वर्षं झाली होती.

फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, हा इतर कारखान्यांसारखा नसतो. तिथल्या लोकांच्या तोंडी सतत एकच शब्द असतो: यील्ड. एका वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, शेकडो चिपा छापल्या, त्यांतल्या चालत्या किती निघाल्या? सुरुवातीला मूठभर निघतात. मग कुणीतरी शोधून काढतं की अमुक भट्टीचं तापमान दुपारी एका अंशाने चढतं, कुणाला दिसतं की तमुक आम्लाच्या बाटलीत धूळ आहे. असं महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा कुठे हात बसतो. हा बसलेला हात कुठल्या फाईलीत नोंदवून ठेवता येत नाही. फॅब बंद पडली की तो सुटतो. माणसं दुसरीकडे जातात आणि जाताना हातही सोबत घेऊन जातात.

७ फेब्रुवारीच्या आगीत तेच झालं. अशा ठिकाणी ज्वाळांपेक्षा धूर वाईट. जळत्या प्लॅस्टिकमधून निघणारी आम्लयुक्त वाफ जिथं पोचते तिथलं प्रत्येक यंत्र निकामी करते, मग त्याला आच लागलेली असो वा नसो. आग लागली की लावली, यावर तेव्हापासून तर्क लढवले जाताहेत. चौकशा होऊनही ठाम निष्कर्ष जगापुढे आला नाही. मला त्या तर्कांत फारसा रस नाही. माझ्या लेखी खरा प्रश्न आगीनंतरचा आहे. कारखाना पुन्हा सुरू व्हायला १९९७ उजाडलं. ज्या क्षेत्रात दर दोन वर्षांनी क्षमता दुप्पट होते, तिथं आठ वर्षं म्हणजे जग सोळापट पुढे. आपल्याकडे या सगळ्या इतिहासाची एक आवडती चाल आहे: त्यांनी नाही म्हटलं, म्हणून आम्ही करून दाखवलं. अग्नीच्या बाबतीत ती बऱ्यापैकी खरीही आहे. पण मोहालीची आठ वर्षं कुणा परक्याच्या नकाराच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. निदान सगळी नाहीत. दिरंगाई आपली स्वतःची होती.

पुण्यातलं उदाहरण याच काळातलं आहे आणि त्यातही हाच तिढा आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक हवा तसा द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, सी-डॅकची, स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. मराठी माणसाला याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. मात्र परमच्या पोटातले ट्रान्सप्यूटर प्रोसेसर इंग्लंडमधल्या कंपनीचे होते. यंत्राची रचना आपली, मांडणी आपली, सॉफ्टवेअर आपलं, चिप परकी. त्या वेळी मोहालीची क्लीन रूम काळवंडलेली पडून होती, हे त्या कौतुकात कुणाला सुचणं शक्य नव्हतं.

१९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले. तेजस लढाऊ विमानाच्या नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत लॉकहीड मार्टिनसोबत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना तिथून परत पाठवण्यात आलं. त्यांची साधनसामग्री तिकडेच अडकली. नियंत्रणाचे नियम लिहिणारी बंगळूरची मंडळी मात्र तयार होती, कारण त्यांच्याजवळ स्वतःचे सिम्युलेटर होते आणि ते सतत चालते ठेवलेले होते. ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते विमान बंगळूरच्या आकाशात नेलं. नकार महासंगणकाच्या बाबतीतही आला आणि तेजसच्या बाबतीतही. चालती प्रयोगशाळा हाताशी होती तिथं तो पचला.

हायपरसॉनिकची, म्हणजे ध्वनीच्या पाचपट आणि त्यापुढच्या वेगाची गोष्ट याच सुमारास सुरू होते. एवढा वेग तसा नवीन नव्हता; अग्नीसुद्धा परत येताना याहून वेगाने येतं. पण ते पडणं झालं. वातावरणातच राहून, हवा आत घेऊन, त्याच हवेत इंधन जाळत त्या वेगाने उडत राहायचं, हे स्क्रॅमजेट इंजिनाचं काम. मॅक ६ ला, म्हणजे ध्वनीच्या सहापट वेगाला, आत शिरणारी हवा थोपवली तर दीड हजार अंशांपर्यंत तापते. न थोपवावी, तर ती ज्वलनकक्षातून साधारण एका मिलिसेकंदात निघून जाते. तेवढ्यात इंधन मिसळायचं, पेटायचं आणि जळून संपायचं.

याची जमिनीवर चाचणी घ्यायची तर तेवढ्याच वेगाची हवा हवी, आणि इथं धवनांच्या काळापासूनची जुनी अडचण नव्या रूपात उभी राहते. दाबलेली हवा नुसती नोझलमधून सोडली तर ती पसरते आणि थंड पडते. खोलीच्या तापमानाची हवा मॅक ६ पर्यंत पसरवली तर ती शून्याखाली दोनशे तीस-चाळीस अंशांवर जाते, म्हणजे हवेचं पाणी व्हायची वेळ येते. म्हणून आधी तापवायची, मग एका टोकाला प्रचंड दाब आणि दुसऱ्या टोकाला निर्वात ठेवून ती मोकळी सोडायची. चाचणी चालते ती काही सेकंद; टाक्या भरायला आणि निर्वात करायला त्याच्या कैकपट वेळ लागतो. अशी मोठी सोय देशात नव्हती तोवर डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही या हायपरसॉनिक वाहनाचं एक सोळांश आकाराचं मॉडेल इस्रायलच्या बोगद्यात तपासलं गेलं. हवा आत घेणारा भाग बंगळूरच्या त्या जुन्या ट्रायसॉनिकमध्ये.

मग सोयी आल्या. मार्च २०१७ मध्ये तिरुअनंतपुरमला इस्रोचा एक मीटर व्यासाचा हायपरसॉनिक बोगदा सुरू झाला. त्या संकुलाला नाव सतीश धवनांचं. डिसेंबर २०२० मध्ये हैदराबादला डीआरडीओचा, एक मीटर नोझलचा, मॅक ५ ते १२ पर्यंतचा.

उड्डाणं या सोयींची वाट पाहत थांबली नव्हती. २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून इस्रोने साउंडिंग रॉकेटवर दोन स्क्रॅमजेट बसवून पाठवले. ते पाच सेकंद पेटले. १२ जून २०१९ ला एचएसटीडीव्ही पहिल्यांदा उडालं. सरकारी निवेदन त्रोटक होतं. वाहन हव्या त्या उंचीला पोचलं नाही, अशा बातम्या आल्या. दुसरा प्रयत्न ७ सप्टेंबर २०२० चा, ऐन कोरोनाच्या काळातला. सकाळी ११ वाजून ३ मिनिटांनी ओडिशाच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावरून, ज्याला आता कलामांचंच नाव आहे, बूस्टर सुटला. तीस किलोमीटर उंचीवर उष्णतारोधक कवच गळून पडलं, वाहन वेगळं झालं, हवेचं तोंड उघडलं आणि स्क्रॅमजेट पेटलं. सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर या वेगाने ते वीस सेकंदांहून अधिक काळ जळत राहिलं. या वीस सेकंदांत रडारं, कॅमेरे, टेलिमेट्रीची केंद्रं आणि वाहनावरची संवेदकं यांनी जे टिपलं, तेच त्या दिवशीचं उत्पन्न. वाहन समुद्रात गेलं.

संवेदकांची फळी तोवर पुढे सरकली होती. क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसून शेवटच्या काही सेकंदांत लक्ष्य शोधणारा सीकर हा कुठलाही देश दुसऱ्याला सुखासुखी देत नाही. ५ डिसेंबर २०१७ ला आकाश स्वदेशी रेडिओ सीकरसह उडालं. २२ मार्च २०१८ ला पोखरणला ‘ब्राह्मोस’ क्षेपणास्त्रही. दोन्हींच्या मुळाशी इमारत कांचाच्या माळावरचं काम होतं.

आणि चिप? १९९७ नंतर एससीएल रखडतखुरडत चालली. बाजारात तिचा निभाव लागणं शक्य नव्हतं. २००५-०६ च्या सुमारास ती अवकाश खात्याकडे गेली, कंपनीची प्रयोगशाळा झाली आणि तिथं तिला पहिल्यांदा बांधील गिऱ्हाईक मिळालं. इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टरकडून १८० नॅनोमीटरचं तंत्र घेऊन आठ इंची वेफरची नवी उत्पादन-ओळ बसवली गेली. १८० नॅनोमीटर म्हणजे आजच्या मोबाईलच्या मानाने आजोबाच. यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. रॉकेटला मात्र बारीक रेघेपेक्षा भरवसा महत्त्वाचा. चिप उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत, धक्क्यात, किरणोत्सारात, न अडखळता चालली पाहिजे, आणि वीस वर्षांनीही तीच चिप पुन्हा बनवून मिळाली पाहिजे. २००९ पासून इस्रोच्या रॉकेटांचं दिशादर्शन १६ बिटांच्या ‘विक्रम १६०१’ प्रोसेसरवर चालतं. त्याची ३२ बिटांची पुढची पिढी, ‘विक्रम ३२०१’, ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० सोबत कक्षेत जाऊन तपासली गेली. मार्च २०२५ मध्ये तिची पहिली खेप इस्रोच्या हवाली झाली आणि २ सप्टेंबरला दिल्लीत पंतप्रधानांच्या हातात ती समारंभाने ठेवली गेली. आरेखन तिरुअनंतपुरमचं, घडण मोहालीची.

एव्हाना गुजरातमधल्या धोलेऱ्यात खासगी फॅबची पायाभरणी झाली होती. चिपसाठी केंद्राने ७६ हजार कोटींची योजना २०२१ मध्येच जाहीर केली होती. तिकडे हैदराबादेत २५ एप्रिल २०२५ ला डीआरडीएलने स्क्रॅमजेटचा ज्वलनकक्ष जमिनीवर एक हजार सेकंदांहून अधिक काळ चालवला. त्याच वर्षी जानेवारीत तो १२० सेकंद चालला होता. एवढा वेळ धातू टिकतो कसा, तर इंधनच आधी भिंतींच्या आतून फिरवून उष्णता शोषून घ्यायची आणि मग ते जाळायचं. हे इंधनही इथंच बनवलेलं, भिंतीवरचा सिरॅमिक लेपही इथलाच. २०२० च्या उड्डाणात वीस सेकंद, आता जमिनीवर हजार. ही हजार सेकंदं आकाशात नेण्यासाठी लागेल बूस्टर, न ढळणारा जायरो, तापल्या टोकातून पाहू शकणारा सीकर, आणि मोहालीच्या नव्या ओळीवरचा यील्ड.